पॅकिंग झकास, पण ‘सर्वत्र चालते’ ही पाटी काढा

पाचपैकी साडेतीन. त्यातले तीन नुसत्या पॅकिंगचे, हे आधीच सांगते.

दुकान पुण्यात, पेठेत आहे. नाव मुद्दाम टाकत नाही, कारण पुढे तक्रार आहे आणि हीच चूक करणारी आणखी दोन-तीन दुकानं मला त्याच बाजूला ठाऊक आहेत. काम साधं: आपला फराळ, मसाले, लोणची घेऊन जायची किंवा त्यांच्याकडचीच घ्यायची, ते यंत्रात हवा काढून पाकिटं सील करून देतात. गिऱ्हाईक म्हणजे बहुतेक माझ्यासारख्या, मुलं परदेशात असलेल्या बायका. काउंटरच्या मागे ठळक पाटी आहे: ‘अमेरिका, ऑस्ट्रेलिया, दुबई, सिंगापूर. सर्वत्र चालते.’ या पाटीच्या भरवशावर मी दोनदा विमानात बसले.

आधी चांगलं. पॅकिंग करणारा मुलगा हुशार आहे. चकलीची हवा पूर्ण काढली तर आत भुगा होतो, हे त्याला सांगावं लागत नाही. तो चकल्या कडक प्लास्टिकच्या डब्यात रचतो, मध्ये कागद घालतो आणि वरचं पाकीट नुसतं बंद करतो. लसणाच्या चटणीला दोन पाकिटं, एकात एक. लोणच्याच्या बरणीला झाकणाखाली प्लास्टिक, वर टेप, मग पिशवी, मग आणखी एक पिशवी. आमचं कैरीचं लोणचं मेलबर्नला पोचलं तेव्हा तेलाचा एक थेंब बाहेर नव्हता, आणि त्याच बॅगेत ह्यांचा पांढरा शर्ट होता. पाकिटामागे पंधरा रुपये घेतात, डब्याचे वेगळे. महाग नाही. तो विचारतो, “काकू, सिंगल सील की डबल?”

एवढंच विचारतो. कुठल्या देशात चाललात, हे विचारत नाही. माझी सगळी तक्रार ती हीच.

पहिली फेरी २०२३ची, दिवाळीच्या आधी, मुलाकडे मेलबर्नला. मी विमा कंपनीच्या क्लेम खात्यात एकतीस वर्षं काढली. फॉर्ममध्ये ‘नाही’वर खूण करणं सोपं असतं, नंतर ते निस्तरणं कठीण, हे मला कुणी शिकवायला नको. त्यामुळे विमानात, सोबत काय आणलंय ते लिहून द्यायचं ऑस्ट्रेलियाचं कार्ड हातात आलं तेव्हा मी चष्मा लावून सगळं वाचलं. मांस, अंडी, दूध, फळं, भाज्या. धान्य, बिया, सुकामेवा, पारंपरिक औषधं, लाकडी वस्तू. गेल्या तीस दिवसांत शेतात, गुरांजवळ, रानात गेलात का? मी सगळ्याला ‘हो’ केलं. शेजारी बसलेल्या बाईंच्या बॅगेत चिवडा असूनही त्यांनी सगळं ‘नाही’ केलं, आणि वर मला म्हणाल्या, “उगाच कशाला सांगायचं?” ह्यांनाही तेच वाटत होतं. ह्यांना फॉर्मची भीती नाही, कारण ह्यांचे सगळे फॉर्म मी भरते.

तिथला नियम असा की तुम्ही आपणहून दाखवलंत आणि वस्तू चालत नसली, तर ती काढून घेतात, दंड नाही. लपवलंत आणि सापडलं, तर दंड हजारो डॉलरांत जाऊ शकतो आणि पर्यटक व्हिसा असेल तर तोही रद्द होऊ शकतो. ‘हो’ लिहिल्यामुळे आम्हाला वेगळ्या रांगेत काढलं. पुढे स्टीलचं लांब टेबल, पलीकडे निळे हातमोजे घातलेली, साधारण माझ्या सुनेच्या वयाची अधिकारी.

तिने पाकिटं एकेक करून मांडली. बाकरवडीचं कंपनीचं पाकीट उचललं, पाठीमागची घटकपदार्थांची यादी वाचली, बाजूला ठेवलं. तीन सेकंद. चकलीकडे बघितलं, तळलेली आहे हे दिसतच होतं, बाजूला. मग आमच्या दुकानाची पाकिटं आली. उत्तम सील, आरशासारखं गुळगुळीत प्लास्टिक, आणि वर पेनाने लिहिलेलं: ‘मेतकूट २५० ग्रॅ.’ बस. आत काय आहे, कुणी केलं, कधी केलं, काही नाही.

तिने विचारलं, “व्हॉट इज धिस यलो पावडर?”

मेतकूट इंग्रजीत काय सांगायचं याचा विचार मी आयुष्यात कधी केला नव्हता. म्हटलं, “फॉर राइस. सॉफ्ट राइस. व्हेन यू आर सिक.”

“सो इट्स मेडिसिन?”

आणि कार्डावर पारंपरिक औषधांना मी ‘हो’ केलेलंच होतं! ह्यांनी मदत म्हणून मध्येच “आयुर्वेदिक” हा शब्द टाकला. तो का टाकला ते अजून विचारते आहे. तिने पातीने सीलचा कोपरा कापला, पांढऱ्या ट्रेमध्ये चमचाभर मेतकूट पसरलं आणि भिंगातून किडा-मुंगी आहे का ते बघत बसली. वास घेतला. हिंगाचा असावा, कारण मान मागे गेली. शेवटी मी डाळी-तांदूळ-गहू भाजतात, मग दळतात, हे हाताने जातं फिरवून दाखवलं, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर प्रकाश पडला. वीस मिनिटांनी मेतकूट सुटलं, पण सील गेलं ते गेलंच. पंधरा रुपये पाण्यात. पाकिटावर नुसतं ‘भाजलेल्या डाळी आणि मसाल्याची पूड’ असं इंग्रजीत छापलं असतं तर हे नाटक झालंच नसतं.

पेढे मात्र थेट कचऱ्यात. खव्याचं, दुधाचं काही भारतातून चालत नाही. कारण आपल्याकडे गुरांना लाळ्या-खुरकत हा रोग होतो आणि त्यांच्याकडे तो नाही. तो दुधातून, मांसातून, बुटाला लागलेल्या मातीतूनसुद्धा जाऊ शकतो. हे तिने समजावून सांगितलं, चिडचिड न करता. माझं माहेर शेतकऱ्याचं, त्यामुळे मला ते लगेच पटलं. तोंडाला फेस आलेली, पाय उचलून धरणारी बैलजोडी मी लहानपणी बघितली आहे. पण दुकानदाराने हेच पेढे “दोन महिने टिकतील” म्हणून दोनदा सील करून दिले होते. टिकले असते हो, टिकण्याचा प्रश्नच नव्हता.

अख्खे धणे आणि अख्खे जिरेही गेले. हे मला नवीन होतं. २०२०पासून ऑस्ट्रेलियाने प्रवाशांच्या सामानातून तांदूळ, हरभरा, तूर, मसूर, मूग, जिरं, धणे, बडीशेप, सुक्या मिरच्या अशा कच्च्या वस्तू आणायला बंदी केली आहे. कारण एक किडा, खापरा भुंगेरा. इंग्रजीतही त्याला ‘खापरा’च म्हणतात, म्हणजे आपलाच म्हणायचा. त्याची अळी फटीत जाऊन बसते आणि खायला न मिळता वर्षानुवर्षं तग धरते. माझ्या नणंदेचा आंबेमोहोर अमेरिकेत विमानतळावर काढून घेतला तो याच किड्यापायी. तेव्हा आम्ही सगळ्यांनी त्या अधिकाऱ्याला नावं ठेवली होती. ते शब्द आता परत घेते. हवाबंद पाकिटाने किडा बाहेरून येत नाही, पण आधीच आत असेल तर दिसतही नाही, एवढंच मी त्या टेबलावर शिकले.

लाटणं गेलं नाही. ते तिने उलटसुलट फिरवून भोकं आहेत का बघितलं आणि परत दिलं. ह्यांचे बूट आत नेले, कारण निघायच्या आदल्या आठवड्यात हे सासवडला भावाच्या शेतात गेले होते आणि आम्ही तसं लिहिलं होतं. दहा मिनिटांनी बूट धुऊन-पुसून परत आले. ह्यांच्या मते ऑस्ट्रेलियाची सगळ्यात चांगली सेवा तीच. आणि त्या ‘उगाच कशाला सांगायचं’वाल्या बाई? सामानाच्या पट्ट्यापाशी वास घेत फिरणारा एक कुत्रा त्यांच्या बॅगेशेजारी शांतपणे बसला, म्हणजे त्याला आत काहीतरी लागलं. पुढचं मला दिसलं नाही, आमचा नंबर आला होता.

परत आल्यावर दुकानात जाऊन हे सांगितलं. मालक माझ्याच वयाचे, सभ्य गृहस्थ. सगळं ऐकून म्हणाले, “ताई, तुम्ही सांगितलंत म्हणून काढून घेतलं. लोक सांगत नाहीत.” याला उत्तर काय देणार?

दुसरी फेरी २०२४ची, दिवाळीनंतर, मुलीकडे दुबईला, पुण्याच्या लोहगाव विमानतळावरूनच. मी म्हटलं दुबईत सगळंच मिळतं, तिथे काय अडवणार. अनारसे चाळीस, खास तिच्या सासूबाईंसाठी, तीन दिवस तांदूळ भिजवून. दुकानात नेले, मुलाने प्रत्येक थरात कागद घालून इतके सुबक बंद केले की उघडवू नयेत. निघायच्या आदल्या रात्री मुलीचा फोन. काय काय आणतेस ते मी वाचून दाखवत होते. अनारशांशी आले तशी ती ओरडली, “आई, खसखस!”

खसखस म्हणजे अफूच्या बोंडातली बी. आपण ती गोडाधोडात घालतो, अमिरातीत ती बंदी असलेल्या मालात मोडते. सिंगापूरलाही तेच. म्हणजे पाटीवरच्या चार देशांपैकी दोघांकडे अनारसा न्यायचाच नाही, आणि अनारशाचं अख्खं एक अंग खसखशीचं असतं. झटकून जात नाही, तुपात तळताना ती रुतून बसते. बाकरवडीच्या सारणात कितीतरी घरांत खसखस असते, मसाल्यातही कुणी कुणी घालतं, आणि पाकिटावर यादी नसेल तर कळणार कसं? चाळीस अनारसे रात्री साडेदहाला आमच्या मजल्यावर वाटले. शेजारच्यांनी आनंदाने घेतले, मी मात्र दार लावून बसले. पेठेतल्या दुकानाला हे ठाऊक नसणं मला माफ नाही. दुबईला जाणारी माणसं त्यांच्याकडे रोज येतात.

त्यातच लोहगावला आणखी एक. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या मी दुकानातच भरून घेतल्या होत्या, “चेक-इनमध्ये टाका, काही होत नाही” या सल्ल्यासह. बॅग तपासणीत अडली, मला आत बोलावलं. सुक्या खोबऱ्यात तेल असतं, ते पेट घेऊ शकतं, म्हणून वाट्या विमानाच्या पोटात चालत नाहीत. वाट्या काढल्या, बॅग पुन्हा बांधली, मागच्या रांगेने माझ्या खोबऱ्याकडे पोटभर बघून घेतलं. दुबईत उतरल्यावर मात्र काहीच झालं नाही. बॅगा यंत्रातून गेल्या, आम्ही बाहेर. ह्यांच्या खोकल्याच्या औषधाची चिठ्ठी मी हातात धरून होते, कारण कोडीन, म्हणजे अफूपासून होणारं द्रव्य, असलेलं औषध तिथे परवानगीशिवाय चालत नाही आणि ह्यांचं तसलं नसलं तरी विचारलं तर दाखवायला कागद हवा. कुणी विचारलं नाही. कागद हातात असला की कधीच कुणी विचारत नाही.

आता दुकानाला माझं एवढंच मागणं. यंत्र चांगलं आहे, हात चांगला आहे, त्याला धक्का लावू नका. फक्त पाकिटावर इंग्रजीत पदार्थ म्हणजे काय, त्यात काय काय घातलंय, तारीख आणि तुमचा चौदा आकडी एफएसएसएआय, म्हणजे अन्न परवान्याचा, क्रमांक एवढं छापा. तुमचा स्वतःचा माल असेल तर ते तसंही छापायला हवंच. आणि सीलचं विचारायच्या आधी देश विचारा.

गेल्या महिन्यात पुन्हा गेले होते, मेलबर्नसाठीच. पाटी तिथेच आहे. पण मुलाने बॅग घेताना विचारलं, “काकू, दूध-खवा काही नाही ना?” मी म्हटलं नाही. जिरं विचारलं नाही त्याने, ते मीच सांगितलं, आणि त्याने वहीत लिहून घेतलं. म्हणून तीनचे साडेतीन झाले.

दुकान दुपारी एक ते साडेचार बंद, गुरुवारी पूर्ण बंद. दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस सकाळी दहाच्या आत जा, नाहीतर रांग फुटपाथवर येते. गाडी लावायला जागा नाही. लोणच्याची बरणी घरून न्या, त्यांच्याकडच्या बरणीचं झाकण ढिलं असतं.