पुणे-मुंबई विमानप्रवास: अर्ध्या तासाच्या उड्डाणासाठी अर्धा दिवस

पुणे आणि मुंबई यांमधील हवाई अंतर जेमतेम 120 किलोमीटर असून वेळापत्रकात या प्रवासासाठी साधारण तासाभराचा अवधी दाखवलेला असतो. त्यातही विमान प्रत्यक्ष हवेत असते ते अर्धा तासच. परदेशी जाणारे पुढचे विमान गाठायचे नसतानाही, केवळ कुतूहलापोटी, मी हे तिकीट काढले.

कोथरूडहून पहाटे 5.30 वाजता निघून लोहगावला पोहोचलो. सामान, सुरक्षा तपासणी आणि प्रतीक्षा यांत दीड तास गेला. लोहगावची धावपट्टी मुळात हवाई दलाची असल्याने प्रवासी विमानांना तेथे काहीसे सांभाळूनच घ्यावे लागते. उड्डाणास वीस मिनिटे उशीर झाला, मात्र कंपनीच्या कर्मचाऱ्यांनी त्याविषयी चकार शब्द काढला नाही.

हवेतला भाग मात्र अप्रतिम होता. पावसाळा नुकताच सरल्यामुळे सह्याद्रीची हिरवी धार, तिच्यामागचे भरलेले जलाशय आणि लगेच खाली उतरत जाणारे कोकण हे सारे एका खिडकीत मावले. पट्टा सोडण्याची सूचना येते न येते तोच तो पुन्हा बांधण्याची सूचना आली. चहाचा तर प्रश्नच नव्हता.

दादरला पोहोचेपर्यंत 10.10 झाले होते. सकाळी 7.15 वाजता पुणे सोडणारी डेक्कन क्वीनही साधारण त्याच सुमारास दादरला येते, आणि तिच्यात ऑम्लेट मिळते.