लिंपोपोला शिकारीला जाताय? ‘जखमी जनावर’ या नावाखाली काय चालतं ते वाचा

आफ्रिकेत प्लेन्स गेम हंटिंगला, म्हणजे हरणं, रानडुकरं अशा माळरानातल्या जनावरांच्या शिकारीला जायचं ज्यांच्या मनात आहे त्यांनी हे नक्की वाचा. भारतात 1972 च्या कायद्यानंतर विषयच संपला, केनियानेही 1977 ला शिकार बंद केली, पण साऊथ आफ्रिकेत ती कायदेशीर आहे आणि आमच्या टेक्सासमधून डिअर सीझन खेळणारे बरेच लोक तिकडे जातात. मी आणि माझा एक नागपूरचा मित्र, आम्ही हंटिंग शोमधल्या स्टॉलवर तिथल्या लिंपोपो प्रांताचं पॅकेज ठरवलं, इम्पाला, ब्लू विल्डबीस्ट, वॉर्टहॉग, राहणं-जेवण सगळं त्यात. कुडू, म्हणजे पिळदार शिंगांचं मोठं हरीण, मात्र वेगळा, त्याची ट्रॉफी फी, म्हणजे त्या एका जनावराचे पैसे, अडीच हजार डॉलर. निम्मे पैसे आधीच वायरने घेतले.

लुबाडलं ते कुडूवरच. उन्हं कलली होती, काटेरी झुडपांच्या कडेला मोठा नर उभा होता, मी गोळी झाडली आणि तो एका उडीत आत गायब. गोळी लागली की धप्प आवाज येतो तो आलाच नाही, तरी आमच्यासोबतचा वाटाड्या शिकारी, म्हणजे प्रोफेशनल हंटर, तिकडे पीएच म्हणतात, लगेच म्हणाला लागली. थोड्या वेळाने माग काढणाऱ्या ट्रॅकरने गवतावर रक्त दाखवलं. मित्र खाली बसला, बोट लावून बघितलं आणि म्हणाला, “अरे, हे वाळून काळं पडलंय, पापुद्रे निघतायत बघ!” डाग फक्त वरच्या पात्यांवर, खाली मातीत थेंब नाही, केस नाहीत, पुढे दहा पावलांवर काहीच नाही. कुत्री आणा म्हटलं तर ती दुसऱ्या फार्मवर आहेत म्हणे, अंधार पडला चला, आणि सकाळी परत शोधायला जाऊ म्हटलं तर कोणी जागचं हलेना.

तिथला नियम असा की रक्त निघालं की जनावर सापडो न सापडो पूर्ण फी द्यायची. नियम चांगलाच आहे, जखमी जनावर तसंच सोडून कोणी जाऊ नये म्हणून आहे, आणि त्याच नियमाचा हा असा धंदा केलाय याचा मला जास्त संताप येतो.

निघायच्या दिवशी बिलात कुडू लावलेला. नाही म्हटलं तर म्हणाले मग बाकीच्या ट्रॉफींचे पेपर पुढे जाणार नाहीत. कातडी आणि शिंगं त्यांच्याच शेडमध्ये मिठात, एअरपोर्टची गाडी त्यांची, रायफलचे परमिटचे कागदही त्यांच्याच ऑफिसात, करणार काय, पैसे भरले. परत आल्यावर त्याच आउटफिटरकडे, म्हणजे शिकार आयोजित करणाऱ्या त्याच कंपनीकडे जाऊन आलेला एकजण भेटला, त्याच्या बिलातही असाच न सापडलेला कुडू.

तर जाणाऱ्यांनो, बुकिंगआधी पीएचचं नाव मागा आणि त्या प्रांतात त्याचं रजिस्ट्रेशन आहे का ते प्रांताच्या पर्यावरण खात्याला विचारा, परदेशी शिकाऱ्यासोबत रजिस्टर्ड पीएच असणं तिथे बंधनकारकच आहे. लेखी करारात घाला की रक्त तुम्ही स्वतः बघणार, फोटो काढणार, कुत्री लावून सकाळीही शोध होणार, त्याशिवाय फी नाही. प्रत्येक जनावराची नोंद हंटिंग रजिस्टरमध्ये त्याच दिवशी करून घ्या आणि कोऱ्या पानावर सही अजिबात देऊ नका. आणि रायफलचे कागद कायम स्वतःच्या खिशात.

आम्ही गवताचे फोटो लावून प्रांताच्या पर्यावरण खात्याकडे तक्रार दिली आहे, अजून उत्तर नाही.