लिंडहर्स्टचा किल्ला : सूप थंड झाले तरी चालेल, घोडे पाहावेत

न्यू जर्सीत स्थायिक झालेल्या मराठी घरांमध्ये उन्हाळ्यात भारतातून पाहुणे आले, की स्वातंत्र्यदेवीचा पुतळा आणि नायगारा झाल्यावर पुढे काय दाखवायचे, हा प्रश्न हमखास पडतो. आमच्याकडे या वर्षी अकलूजहून मामा आले होते आणि सोबत दहा-बारा वर्षांची दोन मुले होती. सर्वांना एकाच वेळी रुचेल असे काही शोधताना आम्ही न्यू जर्सीतल्याच लिंडहर्स्ट येथील ‘मेडिएव्हल टाइम्स’ची (म्हणजे ‘मध्ययुग’) निवड केली. बाहेरून किल्ल्यासारख्या दिसणाऱ्या या इमारतीत प्रेक्षक जेवत असतात आणि समोरच्या वाळूच्या रिंगणात सुमारे दोन तास घोड्यांचा व सरदारांचा खेळ चालतो.

या खेळाची मूळ कल्पना स्पेनमधील. तिचा अमेरिकेतील पहिला किल्ला 1983 मध्ये फ्लोरिडातील किसिमी येथे उभा राहिला आणि लिंडहर्स्टचा किल्ला 1990 मधला. आज अमेरिका व कॅनडा मिळून असे दहा किल्ले आहेत. कथानक अकराव्या शतकातील स्पेनमध्ये घडते. पूर्वी सिंहासनावर राजा असे, 2018 च्या सुमारास त्याच्या जागी राणी आली. प्रवेश करताच प्रत्येकाच्या डोक्यावर रंगीत कागदी मुकुट ठेवला जातो, आणि त्याच रंगाच्या विभागात बसून त्याच रंगाच्या सरदाराचा जयजयकार करायचा असतो. सरदार सहा, म्हणून प्रेक्षकांचे तटही सहा. मुलांना हे समजावून सांगावे लागत नाही. मुकुट डोक्यावर बसताच ती शेजारच्या विभागाशी वैर धरतात.

या संपूर्ण कार्यक्रमातील सर्वांत मोलाचा भाग म्हणजे लढाईपूर्वीचे अश्वकौशल्य, आणि नेमका तोच भाग सर्वांत कमी लक्षपूर्वक पाहिला जातो, कारण त्या सुमारास ताटे-वाट्या मांडल्या जात असतात. येथील पांढरे घोडे अँडलूशियन, म्हणजे शुद्ध स्पॅनिश जातीचे असून कंपनी त्यांची पैदास टेक्सासमधील सँगर येथील स्वतःच्या अश्वशाळेत करते. भरदार कमानदार मान, दाट आयाळ, आखूड पाठ आणि मागच्या पायांत विलक्षण ताकद ही या जातीची लक्षणे. हे घोडे जन्मतः बहुधा गडद रंगाचे असतात आणि वयाबरोबर पांढरे होत जातात, त्यामुळे रिंगणात एखादा राखाडी घोडा दिसला, तर तो वेगळ्या जातीचा नसून केवळ वयाने लहान असण्याची शक्यता अधिक.

घोडा पुढचा पाय सरळ ताणून उंच उचलतो, क्षणभर हवेत धरतो आणि मगच खाली ठेवतो, अशी एक संथ चाल येथे पाहायला मिळते. ती ‘स्पॅनिश चाल’ म्हणून ओळखली जाते. जागच्या जागी तालात दुडकी धरण्याची करामत त्याहून अवघड, कारण तेथे घोड्याला पुढे धावण्याची ऊर्मी आवरून शरीराचा भार मागच्या पायांवर घ्यावा लागतो. उडी घेऊन हवेत असतानाच मागच्या पायांनी सणसणीत लाथ झाडण्याचा प्रकार तर वर्षानुवर्षांच्या शिकवणीशिवाय साधत नाही, आणि तोही प्रत्येक घोड्याला साधेलच असे नाही. मामांनी आयुष्यभर घोडे पाहिले आहेत. अकलूजच्या घोडेबाजारातले, आणि पालखी गावात येते तेव्हा गोल रिंगणात वारकऱ्यांमधून भरधाव सुटणारेही. ते म्हणाले, “स्वाराचे हात बघू नका, घोड्याचे कान बघा. एक कान सारखा मागं आहे, म्हणजे ते जनावर ऐकतंय.” त्यानंतर मी सुपाच्या वाटीला हात लावला नाही.

पुढे बहिरी ससाणा प्रेक्षकांच्या डोक्यांवरून उडवला जातो, तो प्रसंग लहानसा पण देखणा आहे. मग सरदारांचे खेळ सुरू होतात: धावत्या घोड्यावरून भाल्याच्या टोकात टांगलेली कडी अडकवणे, एकमेकांकडे भाले फेकणे, आणि शेवटी समोरासमोर भरधाव येऊन भाल्याने प्रतिस्पर्ध्याला खाली पाडणे. या धडकांसाठी क्वार्टर जातीचे घोडे वापरतात. पाव मैलाच्या शर्यतीतील वेगावरून त्या जातीला हे नाव पडले आहे, आणि एवढ्याशा रिंगणात क्षणात वेग घेऊन लगेच थांबण्याचे काम तिलाच शोभते. जमिनीवरील तलवारबाजी अर्थातच बसवलेली असते आणि विजेता आधीच ठरलेला असतो. आपल्या तमाशातील वगाप्रमाणे कथा निमित्तमात्र आहे, हे मान्य करून बसले की आनंद कमी होत नाही. मात्र घोड्यावरून पडणे बसवलेले असले, तरी पडणारे शरीर खरेच असते. वेतन आणि सुरक्षितता या प्रश्नांवरून लिंडहर्स्टच्या कलाकारांनी 2022 मध्ये कामगार संघटनेच्या बाजूने मतदान केले होते, हे मला तो खेळ पाहताना राहून राहून आठवत होते.

जेवण ठरावीक असते: टोमॅटोचे सूप, लसूण लावलेला पाव, भाजलेली कोंबडी, लोणी लावलेले मक्याचे कणीस, बटाटा आणि शेवटी गोड पदार्थ. काटे-चमचे मिळत नाहीत. अमेरिकन प्रेक्षकांना याची मोठी गंमत वाटते. आमच्या पंगतीला त्यात काही नवे वाटण्याचे कारण नव्हते, फक्त सूप वाटीला तोंड लावून प्यावे लागते. गंमत दुसरीच आहे. अकराव्या शतकातील स्पेनने टोमॅटो, मका आणि बटाटा यांपैकी काहीही पाहिलेले नव्हते. कोलंबसाच्या 1492 मधील सफरीनंतरच हे जिन्नस अमेरिका खंडातून युरोपात पोहोचले. शाकाहारी मंडळींसाठी कडधान्यांचा रस्सा-भात आणि हमस-पिटा (काबुली चण्यांची चटणी आणि चपटा पाव) असा वेगळा बेत असतो, तो आरक्षण करतानाच सांगून ठेवावा. तिखटामिठाची अपेक्षा घरी ठेवून गेलेले बरे.

खेळाच्या वेळेपूर्वी तासभर आधी पोहोचावे, पण त्या वेळात दिवाणखान्यातील लाकडी तलवारी, निशाणे आणि छायाचित्रे यांच्या विक्रीपासून मुलांना दूर ठेवण्याची तयारी असावी. छळाच्या हत्यारांच्या संग्रहालयाचे तिकीट वेगळे असते आणि लहान मुलांसह ते टाळलेले उत्तम. आवाज व प्रकाशझोत तीव्र असल्याने तान्ह्या बाळांना नेऊ नये. जागेच्या बाबतीत माझे मत सर्वसाधारण समजुतीच्या उलट आहे: जादा पैसे भरून पहिली रांग घेण्यापेक्षा लांब बाजूची, थोडी वरची रांग निवडावी, कारण घोड्यांच्या एकत्रित चालीतून वाळूवर उमटणारी आकृती वरूनच नीट दिसते. मामांना हे पटलेले नाही. पुढच्या खेपेला आपण पहिल्याच रांगेत बसणार, असे त्यांनी परतीच्या वाटेवर जाहीर केले आहे. वरून कान दिसत नाहीत, अशी त्यांची तक्रार आहे.