म्हापशातला टीव्ही मेकॅनिक: कलर गेला म्हणून लगेच आयसी बदलू नका

जुना डबा टीव्ही अजून कोणाकडे असेल तर गोव्यातल्या म्हापसा मार्केटच्या मागच्या गल्लीतला हा मेकॅनिक बघाच. माझ्याकडून ५ पैकी साडेचार.

आईच्या खोलीतला २१ इंची टीव्ही हॉलमधल्या सेट-टॉप बॉक्सच्या आरएफ आउटवर (अँटेनाच्या वायरीतून सिग्नल देणारं भोक) चालतो, मध्ये लांबलचक वायर आणि दोन स्प्लिटर (एका वायरीच्या दोन करणारे). चवथीच्या आधी कलर गायब, चित्र ब्लॅक अँड व्हाइट, थोड्या मुंग्या, आवाज एकदम ओके. गावातल्या एकाने टीव्ही न उघडताच सांगितलं कलरची आयसी गेली, आता मिळत नाही, भंगारात द्या.

म्हापशाच्या ह्या माणसाने आधी स्वतःचा पॅटर्न जनरेटर (तपासणीसाठी ठरावीक चित्र देणारं यंत्र) लावला. रंगीत पट्टे झकास! मग सिग्नल हळूहळू कमी करत गेला, आधी मुंग्या वाढल्या, मग एका ठिकाणी रंग पटकन गेला पण चित्र तसंच उभं. "पात्रांव, सिग्नल पावना," म्हणाला, म्हणजे साहेब, सिग्नल पुरत नाही. सिग्नल कमी पडला की एजीसी (सिग्नल आपोआप हवा तेवढा मोठा करणारं सर्किट) गेन वाढवतं, पण त्याबरोबर नॉइजही वाढतो, त्याच मुंग्या. रंगाचं गणित वेगळं. प्रत्येक लाइनच्या सुरुवातीला, सिंक पल्सच्या (लाइन सुरू झाल्याची खूण) मागोमाग, ४.४३ मेगाहर्ट्झचा दहाएक सायकलचा बर्स्ट, म्हणजे रंगाचा ताल देणारी छोटी लहर, येतो, टीव्हीतला क्रिस्टल ऑसिलेटर त्यालाच लॉक होतो, म्हणजे त्याच तालावर चालतो, आणि रंग किती वाढवायचा तेही त्या बर्स्टवरूनच ठरतं. हा बर्स्ट नॉइजमध्ये बुडाला की कलर किलर नावाचं सर्किट रंगाचा रस्ताच बंद करतं.

मी म्हटलं बंद कशाला करायचा, फिका तर फिका येऊ दे की. तर त्याने किलर बायपास करून दाखवला आणि स्क्रीनभर लाल-हिरव्या-निळ्या ठिपक्यांचा शिमगा सुरू, दोन मिनिटं बघवेना. त्यापेक्षा ब्लॅक अँड व्हाइट शंभर पट बरं. ट्यूनिंग जरा सरकलं तरी असंच होतं म्हणे, कारण रंगाचा सिग्नल चॅनलच्या कडेला असतो, तोच आधी कापला जातो. १९८२ ला दूरदर्शन रंगीत झालं तेव्हापासून आपल्याकडे रंग पाठवायची हीच पद्धत, पाल सिस्टीम, त्यामुळे ह्या लोकांचा हात बसलेला.

शेवटी टीव्हीत काहीच बदललं नाही. दोन्ही स्प्लिटर काढायला सांगितले (एकेक साडेतीन डेसिबल सिग्नल खातो), पावसाने हिरवे पडलेले कनेक्टर नवीन दिले, घरी येऊन लावले आणि रंग परत. पैसे फक्त कनेक्टरचे आणि तपासणीचे घेतले, आयसीच्या नावाखाली सहज लुबाडता आलं असतं.

अर्धा मार्क कापला तो बोलण्यासाठी, माणूस थांबतच नाही, आणि बिल मागितलं तर सिगरेटच्या पाकिटावर लिहून देतो. शुक्रवारी बाजार असतो, गाडी लावायला जागा मिळणार नाही. टीव्हीबरोबर घरची वायर पण न्या, नुसता टीव्ही नेलात तर दुकानात सगळं ठीकच दिसेल.