‘वुडसिया’ म्हणून आलेलं रोप

गेल्या वर्षी मुलीकडे एडिनबर्गला गेले होते तेव्हा तिथल्या बोटॅनिक गार्डनमध्ये वुडसिया इल्वेन्सिस बघितला. जेमतेम वीतभर नेचा (फर्न), पानांच्या पाठीवर गंजाच्या रंगाची लव. तो डोक्यातून गेलाच नाही. त्यामुळे एका ऑनलाइन नर्सरीच्या यादीत ‘वुडसिया, मुंबईच्या हवेत उत्तम’ असं वाचलं आणि लगेच 650 रुपये भरले.

चांगलं आधी सांगते. चौथ्या दिवशी रोप बोरिवलीला घरी आलं. कोकोपीट ओलं होतं, एकही पान मोडलेलं नव्हतं. इतकं जपून रोप पाठवणारे फार कमी. मी नर्सरीला दिलेले दोन तारे त्याचेच.

पण तो वुडसिया नव्हता. भिंग घेऊन गॅलरीत बसले. वुडसियाच्या देठाला बुंध्यापासून जरा वर एक सांधा असतो. पान वाळलं की तिथूनच गळतं आणि खाली साधारण एकाच उंचीचे खुंट राहतात. इथे सांधा नाही, लवही नाही. पान उलटं केलं. वुडसियात बीजाणूंच्या (नेच्याच्या बीसारख्या बारीक कणांच्या) ठिपक्याला खालून केसांसारखी झालर असते. इथे प्रत्येक ठिपक्यावर मूत्रपिंडाच्या आकाराचं इवलंसं झाकण होतं. शिवाय कुंडीच्या कडेने दोऱ्यासारखे धुमारे आणि त्यांवर नवी पिल्लं. म्हणजे सरळसरळ नेफ्रोलेपिस, आपल्याकडे जिन्याजिन्यात कुंडीत दिसतो तो. फोटो पाठवले तर उत्तर आलं, ‘मोठं झालं की ओळखाल.’ चार मेसेजनंतर निम्मे पैसे परत मिळाले.

पैशांपेक्षा मला दुसऱ्याच गोष्टीचा राग आला. खरा वुडसिया आला असता तरी तो मुंबईत विकणं चूकच होतं. हा उत्तरेकडचा नेचा: स्कँडिनेव्हिया, सायबेरिया, कॅनडा, तिथल्या खडकांच्या फटीत वाढणारा. थंडीत त्याची पानं वाळतात, बुंधा तेवढा वसंताची वाट बघत राहतो. आपल्या दमट मे महिन्यात तो काय तग धरणार! आणि त्याच्यावर आधीच पुरेसं संकट येऊन गेलंय. एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमध्ये नेचे जमवायचं वेड आलं होतं, तेव्हा हौशी लोकांनी वेल्स आणि स्कॉटलंडच्या डोंगरांतून हा उपटून नेला, इतका की तिथे तो जवळजवळ संपला. आता त्याला ब्रिटनच्या 1981 च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. एडिनबर्गच्या बागेने बीजाणूंपासून रोपं वाढवून डोंगरात परत लावली, त्यामुळे थोडी आशा तरी आहे. म्हणून कुणी खरोखर वुडसिया विकत असेल तर पहिला प्रश्न हाच विचारा: रोप बीजाणूंपासून वाढवलंय की डोंगरातून उपटलंय?

खडकातला छोटा नेचा बघायची हौस असेल तर पावसाळ्यात बोरिवलीच्या नॅशनल पार्कात जा. ओल्या कातळावर काळ्याभोर, चकचकीत देठांचा हंसराज सापडेल. बघा, फोटो काढा, पण उपटू नका.

माझ्याकडे आलेल्या रोपाचा यात काय दोष! स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलंय, कालपर्यंत चार नवी पानं उलगडली.