गोल्फ क्लबसाठीची कडक ट्रॅव्हल केस : नऊ महिने आणि दहा उड्डाणांनंतरचा अनुभव

मागच्या वर्षी दिल्लीहून पुण्याला परतताना माझ्या ड्रायव्हरचा, म्हणजे लांब फटक्याच्या क्लबचा, ग्रॅफाइट शाफ्ट (दांडा) हेडच्या वर साधारण दोन इंचांवर तुटला. बॅग कापडी कव्हरमध्ये होती आणि कव्हरला बाहेरून ओरखडाही नव्हता, त्यामुळे मी विमानतळावरून निर्धास्त घरी आलो. नुकसान लक्षात आले ते तिसऱ्या दिवशी सरावाला गेल्यावर. तोपर्यंत विमान कंपनीने हात वर केले होते, कारण त्यांच्या म्हणण्यानुसार तक्रार विमानतळ सोडण्यापूर्वीच नोंदवायला हवी होती. ड्रायव्हर हा बॅगेतला सर्वांत लांब क्लब असल्याने बॅग क्लबच्या डोक्यांच्या बाजूने आपटली की पहिला मार त्यालाच बसतो, एवढे त्या दिवशी पुरते कळले आणि कडक केस घ्यायचे ठरवले.

निवडताना मी महिनाभर घोळ घातला. कवचाच्या बाबतीत मुख्य फरक एबीएस आणि पॉलिएथिलीन या दोन प्लास्टिकांत आहे. एबीएस दिसायला देखणे आणि ताठ असते, पण कोपऱ्यावर जोराचा आघात झाल्यास तडकू शकते. पॉलिएथिलीन जाड व ओबडधोबड दिसते, परंतु दाबले की वाकते आणि पुन्हा मूळ आकाराला येते. मी दुसरे घेतले आणि त्याचा मला आजवर पश्चात्ताप झालेला नाही. केसवर आता पांढरट चरे आणि विमानतळावरच्या बेल्टच्या रबराचे काळे डाग भरपूर आहेत, तडा मात्र एकही नाही. आतली लांबी प्रत्यक्ष मोजून घ्यावी, हे मी आग्रहाने सांगेन. ड्रायव्हर सामान्यतः 45 इंचांच्या आसपास असतो, त्यावर कव्हर चढते आणि खाली बॅगेच्या बुडाचीही जाडी असते. दुकानात रिकामी केस प्रशस्त वाटते आणि घरी आणल्यावर झाकण बसत नाही.

पहिला प्रवास कोलकात्याचा होता. हॉटेलच्या खोलीत केस उघडली तेव्हा कवच शाबूत होते, पण बॅग आत चार बोटे खाली सरकलेली होती, पटरच्या (चेंडू भोकात ढकलायच्या क्लबच्या) मानेने शेजारच्या वेजच्या (जवळच्या उंच फटक्यांच्या क्लबच्या) शाफ्टवर चकचकीत रेघ ओढली होती आणि ग्रिपवर आतल्या फोमचा काळा भुगा पसरला होता. म्हणजे बाहेरचा मार केसने थोपवला, पण आतल्या आतच क्लब एकमेकांवर आपटत राहिले. त्यानंतर मी पद्धत बदलली. ड्रायव्हरचे हेड पाना लावून काढतो आणि मोज्यात घालून बॅगेच्या कपड्यांच्या कप्प्यात ठेवतो, क्लबच्या डोक्यांभोवती जुना पंचा घट्ट गुंडाळतो आणि बुडाशी उरलेल्या पोकळीत स्वेटर किंवा पावसाळी जाकीट कोंबतो. झाकण लावून केस उभी करून हलवावी. आत खडखड ऐकू आली तर पुन्हा उघडावी. पुढच्या उड्डाणांत एकही नवी रेघ उठलेली नाही.

वजन ही या केसची खरी अडचण आहे. माझ्या काट्यावर रिकामी केस साडेपाच किलो भरते; चौदा क्लब आणि हलकी बॅग मिळून आठ किलो होतात. देशांतर्गत इकॉनॉमी तिकिटावर बहुधा 15 किलोंचीच मुभा असते, तेव्हा बूट आणि कपडे यांच्यासाठी जेमतेम दीड किलो उरतो. डझनभर चेंडूच अर्ध्या किलोहून अधिक भरतात, म्हणून ते मी खांद्यावरच्या बॅगेत हलवले आणि जास्तीच्या सामानाचे पैसे आधीच ऑनलाइन भरू लागलो, कारण काउंटरवर ते महाग पडतात. अंतर मोजायच्या लेझर यंत्राच्या सुट्या बॅटऱ्या केसमध्ये ठेवू नयेत. त्या केबिनमध्येच न्याव्या लागतात.

टॅक्सीचाही विचार आधीच करून ठेवावा. आपल्याकडच्या बहुतेक सेडान टॅक्सींच्या डिक्कीत सीएनजीची टाकी असते आणि ही केस तिथे कोणत्याही बाजूने मावत नाही. मी आता मोठीच गाडी मागवतो. कापडी कव्हर मागच्या सीटवर तिरके टाकता येत असे, ती सोय गेली. फ्लॅटमध्येही ही केस घडी होऊन कपाटावर जात नाही, दाराआड उभी असते.

श्रीनगरहून परतताना विमानतळाच्या बाहेरच्या फाटकावर सगळे सामान गाडीतून उतरवून तपासणीतून न्यावे लागले. तिथे केस उघडून बंद करताना मधली खिटी बिजागरीपाशी तुटली. खिट्या कवचाच्या बाहेर आलेल्या आहेत, खोबणीत बसवलेल्या नाहीत, हा रचनेतला दोषच आहे आणि खरेदीच्या वेळी मी तो पाहायला हवा होता. विक्रेत्याने सुटी खिटी पाठवायला पाच आठवडे लावले. मधल्या काळात बँकॉकचा प्रवास मी केसभोवती दोन रुंद पट्टे आवळून केला आणि केस सुखरूप आली. खिटी बदलल्यानंतरही ते पट्टे मी काढलेले नाहीत, आणि बेल्टवरून केस उतरवली की तिथेच बाजूला नेऊन उघडतो, शाफ्टवरून एकदा बोट फिरवतो आणि मगच दाराकडे वळतो.