मॉन्झा की स्पा? एकदाच जायचं असेल तर

‘एकदाच येणं जमणार आहे, मग मॉन्झा बघू की स्पा?’ हा प्रश्न दर हिवाळ्यात मला कुणीतरी विचारतंच. मॉन्झा इटलीत, स्पा बेल्जियममध्ये, आणि दोन्ही फॉर्म्युला वन (एफ-वन) मोटारशर्यतीचे ट्रॅक. कधी पुण्याचा मावसभाऊ, कधी ऑफिसात नव्यानं आलेली आपली मंडळी. मी जर्मनीतल्या आखेनला राहते. स्पा, म्हणजे पूर्ण नाव स्पा-फ्रँकोरशाँ, इथून गाडीनं तासाभरावर आहे, त्यामुळे तिथं सात वेळा जाणं झालं. मॉन्झाला तीनदा गेले, त्यातही एकदा आई-बाबांना घेऊन. फोनवर दर वेळी तेच तेच सांगते, म्हणून या वेळी सगळं सविस्तर लिहिते आहे.

दोन्ही ट्रॅक शंभरी ओलांडलेले. मॉन्झा 1922 साली बांधला, तोही मिलानजवळच्या जुन्या राजेशाही उद्यानात. स्पाचं तसं नाही. फ्रँकोरशाँ, माल्मेडी आणि स्ताव्लो या गावांना जोडणारे रोजचे रस्ते होते, त्यांच्यावरच 1921 पासून शर्यती सुरू झाल्या. एक ट्रॅक शर्यतीसाठीच आखलेला, दुसरा डोंगरातल्या वाटांनी घडवलेला. प्रेक्षक म्हणून तुम्हाला जे काही वेगळं अनुभवायला मिळतं, त्याचं मूळ इथं आहे.

मॉन्झा जवळजवळ सपाट आहे. लांबी 5.793 किमी, आणि त्यातला बराचसा भाग सरळ. 2025 मध्ये डच चालक मॅक्स व्हर्स्टापननं इथं क्वालिफायिंगमध्ये (शर्यतीत कोण कुठून सुटणार ते ठरवणाऱ्या फेऱ्यांत) ताशी 264 किमीच्या वर सरासरी काढली, एफ-वनच्या इतिहासातली सर्वांत वेगवान फेरी. पण खरं सांगायचं तर सरळ भागाच्या कडेला बसून हा वेग नीट कळतच नाही. गाडी आली म्हणेपर्यंत गेलेली असते. वेग कळतो तो ब्रेक लागतो तिथं. म्हणून मॉन्झाचं तिकीट काढायचं तर मुख्य सरळ भागाच्या टोकाला, पहिल्या शिकेनपाशीच (वेग कमी करायला घातलेल्या नागमोडी वळणापाशी) काढा. ताशी 340-350 किमीनं आलेली गाडी तुमच्या डोळ्यांसमोर दोन-अडीच सेकंदांत ताशी 80 च्या आसपास येते. पुढच्या चाकातून कधी कधी निळसर धूर निघतो, गाडीचं नाक खाली दबतं, आणि दोन चालक एकाच वेळी वळणात घुसले की अख्खा स्टँड उठून उभा राहतो. टीव्हीवर हे ब्रेक मारणं अगदी साधं वाटतं. तिथं मात्र आपल्याच पोटात गोळा येतो.

हे शिकेन मुळात नव्हते. 1971 मध्ये इथं पहिल्या पाच गाड्या 0.61 सेकंदाच्या आत आल्या आणि पीटर गेथिन 0.01 सेकंदानं जिंकला. त्या काळी गाड्या एकमेकींच्या मागच्या हवेच्या झोतात राहून शेवटपर्यंत झुंडीनं पळायच्या. पुढच्याच वर्षी वेग कमी करायला शिकेन घातले. जुने शौकीन अजून हळहळतात. मला वाटतं, आजच्या प्रेक्षकाचं त्यात भलंच झालं, कारण ओव्हरटेक बघायला एक पक्की जागा मिळाली.

स्पाचं गणित उलटं आहे. 7.004 किमीचा ट्रॅक, आणि सर्वांत खालच्या ठिकाणापासून सर्वांत वरच्यापर्यंत साधारण 100 मीटरचा चढ. ओ रूज आणि रेदियों ही जोडवळणं टीव्हीवर तुम्ही हजारदा बघितली असतील. कॅमेरा उंची खाऊन टाकतो, त्यामुळे पडद्यावर तो नुसता वळणदार रस्ता दिसतो. प्रत्यक्षात पायथ्याशी उभं राहून वर बघितलं की मान मागे करावी लागते. मी पहिल्यांदा गेले तेव्हा शुक्रवारी सकाळी प्रॅक्टिसच्या आधी कुंपणाला हात लावून नुसती ती भिंतीसारखी चढण बघत राहिले होते. मग पहिली गाडी ला सूर्स या पहिल्या वळणावरून उतारावर सुटली. खोलात आल्यावर ती जमिनीवर आपटल्यासारखी दबली, पोटाखालून ठिणग्यांची रांग निघाली, आणि चालकाला पलीकडचं काही दिसत नसताना ती त्याच वेगानं माथ्यावरून नाहीशी झाली. आवाज मात्र झाडांमध्ये घुमत राहिला. त्या दिवशी मी जेवायलाही जागेवरून हलले नाही.

आता फेऱ्यांचा हिशेब. मॉन्झाला गाड्या तुमच्यासमोरून 53 वेळा जातात, साधारण दर दीड मिनिटाच्या आत. स्पाला 44 वेळा, आणि मधलं अंतर पावणेदोन मिनिटांच्या पुढे. ऐकायला फरक किरकोळ, पण लहान मुलं सोबत असतील तर स्पाचं थांबणं जड जातं. दोन्हीकडे एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा: जागा निवडताना समोर मोठा पडदा आहे का ते आधी बघा. पडदा नसेल तर दहाव्या फेरीनंतर पुढे कोण, मागे कोण, काही कळत नाही, आणि गर्दीत मोबाइलचं नेटवर्क मान टाकतं.

पैसे कमी असतील तर निर्विवाद स्पा. तिथल्या स्वस्त तिकिटाला ब्राँझ म्हणतात. बसायची खुर्ची मिळत नाही, पण रेदियोंच्या पुढच्या, केमेल नावाच्या सरळ चढाशेजारचा गवताळ उतार मिळतो. उतार म्हणजे आपसूक तयार झालेली गॅलरीच, पुढच्याचं डोकं आड येत नाही. सकाळी दार उघडायच्या वेळी पोहोचायचं आणि चटई टाकायची. दुपारी पाय मोकळे करायला जंगलातल्या वाटेनं पूहों या वळणांच्या दिशेनं जायचं. तिथली डावी वळणं गाड्या ज्या वेगानं घेतात ते बघून चालकांबद्दलचा आदर दुणावतो. मॉन्झालाही कुरणात उभं राहायचं स्वस्त तिकीट असतं, पण जमीन सपाट. कुंपण, जाळी, झाडं आणि पुढच्यांचे खांदे यांतून जेवढं दिसेल तेवढंच. मॉन्झाला जात असाल तर पैसे साठवून ग्रँडस्टँडच घ्या, एवढं माझं ऐका.

केमेलवर बसले की मला दर वेळी 2009 आठवतं. फोर्स इंडिया या भारतीय संघाच्या गाडीतून इटालियन चालक फिसिकेला स्पाला सर्वांत पुढून सुटला होता. त्या संघाला तोवर एकसुद्धा गुण मिळालेला नव्हता. सेफ्टी कार (धोका असेल तेव्हा सगळ्यांना हळू नेणारी गाडी) बाजूला झाली आणि याच चढावर रायकोनेन फेरारी घेऊन त्याच्या पुढे गेला. शेवटी फिसिकेला सेकंदापेक्षाही कमी अंतरानं दुसरा आला. दोन आठवड्यांनी मॉन्झाला तोच फिसिकेला लाल फेरारीत होता, आणि फोर्स इंडियाचा सुटिल क्वालिफायिंगमध्ये दुसरा, शर्यतीत चौथा. हा योगायोग नव्हता. दोन्ही ट्रॅकवर हवेला कमी अडणारी गाडी लागते आणि त्या वर्षी ती त्यांच्याकडे होती. भारताचं नाव लावलेली गाडी सर्वांत पुढे उभी राहिली ती स्पालाच, हे मला अजून फार मोलाचं वाटतं.

पावसाबद्दल मात्र मी कुणाला गोड बोलून फसवणार नाही. स्पाभोवतीच्या आर्डेनच्या डोंगरांत जुलै महिनाही बेभरवशाचा. ला सूर्सला ऊन आणि स्ताव्लोकडे सर, असं सर्रास होतं. 2021 मध्ये लोक तासन्‌तास भिजत बसले, सेफ्टी कारमागे जेमतेम काही फेऱ्या झाल्या आणि अर्धे गुण वाटून शर्यत गुंडाळली. 2025 मध्येही सुरुवात तासाभराहून जास्त लांबली. एका वर्षी माझे बूट शुक्रवारी भिजले ते सोमवारपर्यंत वाळले नाहीत. वर्षभराची रजा आणि विमानाचे पैसे एका रविवारवर लावणाऱ्यानं ही जोखीम समजूनच स्पाचं तिकीट काढावं. मॉन्झाला सप्टेंबरच्या सुरुवातीला बहुधा ऊन असतं, उकडतंही. टोपी आणि पाणी सोबत ठेवा.

आई-बाबांसोबत असाल तर माझा कौल मॉन्झाला. मिलानमध्ये राहायचं, सकाळी लोकल ट्रेननं निघायचं आणि मोठमोठ्या झाडांच्या सावलीतून चालत आत जायचं. चालणं बरंच आहे, पण सपाट. कंटाळा आला तर परत मिलानला जाता येतं. स्पाला व्हेर्विएपर्यंत ट्रेन, मग बस, मग चढउतार. नाहीतर स्वतःची गाडी आणि संध्याकाळी शेतातल्या पार्किंगमधून बाहेर पडायला दोन-दोन तास. जवळची हॉटेलं लवकर भरतात, म्हणून बरेच लोक तंबू ठोकतात. गुडघे दुखणाऱ्या माणसाला तिथं नेऊ नये. शाकाहारी लोकांची दोन्हीकडे सोय होते: मॉन्झाला चीजचं पानिनो आणि फोकाच्या, स्पाला वॉफल आणि बटाट्याचे फ्राइट, पण ते बेल्जियममध्ये अनेकदा गोमांसाच्या चरबीत तळतात, आधी विचारून घ्या. तरी पिशवीत दशम्या आणि चटणी असू द्या.

आणि गर्दी. मॉन्झाची गर्दी बघायला म्हणून जरी गेलात तरी वाया जाणार नाही. शर्यत संपली की दारं उघडतात आणि फेरारीच्या चाहत्यांचा लाल शर्टांचा लोंढा ट्रॅकवर धावतो, ट्रॅकच्या वर आलेल्या पोडियमखाली (विजेत्यांच्या मंचाखाली) जमतो. 2019 आणि 2024 मध्ये लेक्लेर फेरारीतून जिंकला, तेव्हाचं ते दृश्य आठवा. आमचे बाबा आयुष्यात कधी शर्यत न बघितलेले. शेजारच्या आजोबांनी त्यांच्या गळ्यात आपला फेरारीचा मफलर घातला, भाषा एकमेकांची कळत नव्हती, तरी दोघं हात धरून ओरडत होते. स्पाला हल्ली डच लोकांचा नारिंगी महापूर असतो. उत्साह भरपूर, पण तो व्हर्स्टापनसाठी असतो. मॉन्झाचं प्रेम गाडीच्या रंगावर आहे, चालक कोणीही असो.

दोन्हीकडे जुन्या ट्रॅकसाठी अर्धा दिवस राखून ठेवा. मॉन्झाच्या झाडीत 1955 ची उंच कलती वळणं उभी आहेत. माथ्याकडे चढ 80 टक्क्यांपर्यंत जातो. खालून दोन पावलं चढलात की हात टेकावे लागतात, काँक्रीटच्या फटींतून शेवाळ वर आलेलं दिसतं. यावरून माणसं शर्यत खेळली हे पटत नाही. स्पाचा जुना 14 किमीचा ट्रॅक तर आजही गावरस्ता आहे. एफ-वननं तो 1970 नंतर धोकादायक म्हणून सोडला, पण माल्मेडी ते स्ताव्लो या मास्ताच्या सरळ रस्त्यावरून तुम्ही तुमच्या गाडीनं जाऊ शकता. दोन घरांच्या मधून रस्ता वळतो तिथं वेग कमी करा आणि विचार करा, त्या काळचे चालक इथून कसे गेले असतील.

तारखांचंही बघा. 2026 मध्ये स्पा 17 ते 19 जुलै, मॉन्झा 4 ते 6 सप्टेंबर. 2025 मध्ये मॉन्झाची शर्यत अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी आली होती आणि घरचा गणपती सोडून निघायचं कसं, म्हणून कितीतरी जण राहिले. 2026 मध्ये गणपती 14 सप्टेंबरला येतात, म्हणजे मॉन्झाहून परतून आरास करायला आठवडा हातात. मॉन्झा 2031 पर्यंत दर वर्षी आहे. स्पा मात्र 2028 आणि 2030 मध्ये वेळापत्रकात नाही. म्हणून एकटे किंवा मित्रांसोबत असाल, चालायची तयारी असेल, तर आधी स्पा उरका. मॉन्झा कुठं जात नाही.

आणि एफ-वनचा खर्च झेपणारच नसेल, तर जूनअखेरीला स्पाची 24 तासांची शर्यत बघा. 1924 पासूनची आहे. तिकीट एफ-वनच्या मानानं फारच स्वस्त, पॅडॉकमध्ये (संघांच्या गाड्या ठेवायच्या आवारात) फिरता येतं, आणि त्या आठवड्यात गाड्या चक्क स्पा गावातून मिरवतात. रात्री दोनच्या सुमाराला रेदियोंच्या वर जाऊन उभे राहा, अंगात जाकीट हवं. खाली सगळा अंधार असतो. आधी झाडांच्या शेंड्यांवर उजेड पडतो, मग तो कडेला सरकतो, आणि एकामागून एक दिव्यांच्या जोड्या चढ चढून तुमच्या अंगावर येतात. ब्रेकच्या तबकड्या तापून लाल झालेल्या स्पष्ट दिसतात. शेजारी कुणीतरी थर्मासमधली कॉफी पुढे करतं, आणि पहाटेपर्यंत तिथून पाय निघत नाही.